पायरेट्सच्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंची कार्डं कशी जमवावीत: नव्या संग्राहकासाठी मार्गदर्शक

२८ मे २००४. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचे शिकागो कब्जविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. मला या शहरात येऊन चार महिने झाले होते आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातली एक मैत्रीण शेजारी बसून एकेक गोष्ट समजावत होती. पायरेट्सच्या रॉब मॅकोवियाकला त्याच दिवशी मुलगा झाला होता. पहिला सामना त्याने ग्रँड स्लॅमने संपवला, म्हणजे तिन्ही बेसवर गडी असताना होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला. दुसऱ्या सामन्यात संघ हरायला टेकला असताना नवव्या इनिंगमध्ये त्यानेच पुन्हा होमरन मारून बरोबरी करून दिली, आणि पायरेट्सनी तोही सामना जिंकला. घसा बसेपर्यंत ओरडले त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात मी कार्डांच्या दुकानात जाऊन मॅकोवियाकचं कार्ड, म्हणजे पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याचे आकडे छापलेला छोटा पुठ्ठा, मागितलं. दुकानदाराने काचेखालची पायरेट्सच्या मोठ्या ताऱ्यांची कार्डं दाखवली: क्लेमेंटे, स्टार्जेल, बाँड्स. मॅकोवियाक मात्र जमिनीवर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. किंमत दहा सेंट. ते कार्ड आजही माझ्या पहिल्या बाइंडरच्या पहिल्या खणात आहे, आणि गेली वीस वर्षं मी त्या जमिनीवरच्या खोक्यांमधलेच खेळाडू जमवते आहे.

आपल्याकडे पद्माकर शिवलकरांची आठवण काढणारी माणसं घरोघरी सापडतील. ५८९ प्रथम श्रेणी बळी, पण कसोटी एकही नाही. बेसबॉलमध्ये असे कितीतरी आहेत, आणि सुदैवाने त्यांतल्या बहुतेकांचं निदान एक तरी कार्ड कोणीतरी छापून ठेवलेलं आहे. ते शोधायचं कसं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चुकत शिकले, पैसेही वाया घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं पायरेट्सची आहेत, पण तुमचा संघ कुठलाही असला तरी पद्धत हीच.

आधी हाताशी हे असू द्या

- एक वही किंवा स्प्रेडशीट. सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- बेसबॉल-रेफरन्स ही साइट: संघाकडून कधीही खेळलेल्या प्रत्येकाची नोंद इथे आहे.
- ट्रेडिंग कार्ड डेटाबेस ही साइट: खेळाडूचं नाव टाकलं की त्याची कार्डं कुठल्या साली, कुठल्या सेटमध्ये (कंपनीने त्या साली काढलेल्या कार्डांच्या मालिकेत) आली ते दिसतं.
- पेनी स्लीव्ह (पातळ पारदर्शक पाकिटं), थोडे टॉपलोडर (कडक प्लास्टिकचे), नऊ खणांची पानं आणि डी आकाराच्या कड्यांचा बाइंडर.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि साधी फूटपट्टी. ही कशाला, ते पाचव्या पायरीत.

१. खिशात हात घालण्याआधी नियम लिहा

पायरेट्स १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये आहेत. त्यांच्याकडून खेळलेल्यांची संख्या दीड हजाराच्या बरीच पुढे जाते. "सगळे जमवीन" म्हणून सुरुवात केलीत तर सहा महिन्यांत तुमच्याकडे चार खोकी कार्डं असतील आणि त्यांत काय आहे, काय नाही, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

म्हणून एक छोटा तुकडा निवडा. काही सुचवते.

१ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सनी मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) इतिहासात पहिल्यांदा सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन खेळाडू असलेला संघ मैदानात उतरवला. त्या नऊ जणांत क्लेमेंटे आणि स्टार्जेल होते, पण जीन क्लाइन्स, रेनी स्टेनेट आणि जॅकी हर्नान्डेझही होते. त्याच वर्षी वर्ल्ड सीरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, शेवटच्या चेंडूवर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकणारा हर्नान्डेझच. नऊ नावांची ही यादी नवख्यासाठी फार छान आहे. मोठी नावं दोन-तीनच, बाकीची खिशाला परवडणारी.

किंवा पहिलेपणाची यादी करा. २०१७ च्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात पायरेट्सकडून लिथुआनियाचा डोविदास नेवेराउस्कास आणि दक्षिण आफ्रिकेचा गिफ्ट न्गोएपे मेजर लीगमध्ये आले. न्गोएपे हा आफ्रिकेत जन्मलेला पहिला मेजर लीग खेळाडू. पहिल्याच फटक्यावर त्याने सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. त्या यादीत ड्रू मॅगीही बसेल: तेरा वर्षं मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्तरावर) काढून २०२३ च्या एप्रिलमध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याने पहिल्यांदा मेजर लीगची बॅट हातात घेतली.

माझा आवडता तुकडा १९९७ चा. त्या वर्षी संपूर्ण पायरेट्स संघाचा पगार सुमारे ९० लाख डॉलर होता. शिकागो व्हाइट सॉक्सच्या एकट्या अल्बर्ट बेलला त्याहून जास्त मिळत होते. तरी हा संघ सप्टेंबरपर्यंत गटविजेतेपदाच्या शर्यतीत राहिला. १२ जुलैला फ्रान्सिस्को कोर्दोव्हाने नऊ आणि रिकार्दो रिंकॉनने एक अशा दहा इनिंगमध्ये ह्यूस्टनला एकही हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) मिळू दिला नाही, आणि बदली म्हणून आलेल्या मार्क स्मिथने तीन धावांचा होमरन मारून सामना संपवला. या तिघांची नावं पिट्सबर्गबाहेर किती जणांना आठवतील? अशाच माणसांसाठी हा छंद आहे.

तुकडा ठरला की तीन प्रश्नांची उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एका खेळाडूचं एकच कार्ड की मिळतील तितकी? अंगावर आपल्याच संघाचा गणवेश हवा की दुसऱ्या संघाचाही चालेल? मायनर लीगची कार्डं धरायची का? माझा नियम असा आहे: माणशी एक कार्ड, गणवेश पायरेट्सचा. तो मिळत नसेल तर पायरेट्सच्या मायनर लीग संघाचा, तोही नसेल तर कुठलाही. तुमचा नियम वेगळा असला तरी हरकत नाही, पण लिहिलेला हवा.

२. नावांची यादी तयार करा

बेसबॉल-रेफरन्सवर संघाचं पान उघडा, वर्ष निवडा, आणि बॅटर (फलंदाज) आणि पिचर (चेंडू टाकणारे) अशा दोन्ही तक्त्यांतली सगळी नावं उतरवून घ्या. संघात एका वेळी पंचवीस (२०२० पासून सव्वीस) जण असले तरी हंगामभरात त्याहून कितीतरी जास्त जण येऊन जातात. आपल्याला हवी असलेली माणसं तक्त्याच्या तळाशी असतात: चार सामने, सहा फटके, पुढच्या वर्षी नाव गायब. इथले लोक अशा कारकिर्दीला "कप ऑफ कॉफी" म्हणतात. कॉफी पिण्यापुरताच काय तो मुक्काम.

नावापुढे जन्मतारीख लिहायला विसरू नका, कारण सारख्या नावांमुळे फार घोळ होतो. १९९९ ते २००३ या काळात पायरेट्सकडून खेळलेला आउटफिल्डर ब्रायन जाइल्स वेगळा आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क मेट्सकडून खेळलेला इनफिल्डर ब्रायन जाइल्स वेगळा. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९८४ च्या सेटमधलं कार्ड या दुसऱ्याचं आहे. १९७१ च्या विजेत्या संघातला पिचर बॉब जॉन्सन शोधायला गेलात, तर त्याच सुमाराला खेळणारा इनफिल्डर बॉब जॉन्सन हमखास मध्ये येईल. जन्मतारीख कार्डाच्या मागे बहुधा छापलेली असते. ती ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

यादीत एक "शेरा" हा रकाना ठेवा. खेळाडूबद्दल जे वाचाल त्यातलं एक वाक्य तिथे लिहा. अमेरिकेतल्या बेसबॉल संशोधन संस्थेचे, साबरचे, सदस्य गेली कित्येक वर्षं अशा विसरलेल्या खेळाडूंची चरित्रं लिहून सगळ्यांना मोफत वाचायला देताहेत. टर्नर वॉर्डपुढचा माझा शेरा असा आहे: "मे १९९८, थ्री रिव्हर्स स्टेडियम. माइक पियाझाचा चेंडू झेलताना कुंपण फोडून पलीकडे गेला. चेंडू सोडला नाही." हा शेरा नसता तर ते कार्ड माझ्यासाठी नुसता पुठ्ठा राहिलं असतं.

३. कोणता काळ, कोणता सेट: हे समजून घ्या

नवख्यांची गाडी बहुतेक इथेच अडते. म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिली गोष्ट: कार्डावरचं वर्ष आणि खेळलेला हंगाम एक नसतो. १९९७ च्या कामगिरीचे आकडे १९९८ च्या कार्डामागे येतात. म्हणून १९९७ चा संघ जमवताना मी १९९७ आणि १९९८ असे दोन्ही सालचे सेट चाळते. मधल्या हिवाळ्यात खेळाडू दुसऱ्या संघात गेला असेल, तर १९९८ च्या कार्डावर नवा संघ दिसण्याची शक्यता धरा. सत्तरच्या दशकात तर टॉप्सचे चित्रकार जुन्या फोटोवरच नव्या संघाची टोपी रंगवून द्यायचे. टोपी फुगीर आणि चिन्ह वेडंवाकडं दिसलं की समजावं, हा रंगवलेला आहे.

१९५६ ते १९८० या काळात टॉप्सला जवळजवळ स्पर्धाच नव्हती, त्यामुळे शोध सोपा. अडचण दुसरीच आहे. १९७३ पर्यंत टॉप्स आपला सेट उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटचा टप्पा येईपर्यंत पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळायचं, दुकानदार कमी माल मागवायचे आणि ती कार्डं कमी छापली जायची. यांना "हाय नंबर" म्हणतात. १९७२ च्या ७८७ कार्डांच्या सेटमध्ये ६५७ पासून पुढचे सगळे हाय नंबर. अगदी अनोळखी राखीव खेळाडूसुद्धा त्या टप्प्यात आला की महाग होतो. अशा वेळी त्याचं दुसऱ्या सालचं कार्ड आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा असतं आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळतं.

१९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या, नंतर स्कोअर, आणि १९८९ मध्ये अपर डेक. साधारण १९८६ ते १९९३ या वर्षांत कार्डं इतकी छापली गेली की आजही लोक गॅरेजमधली खोकी फुकट देऊन टाकतात. आपल्या दृष्टीने हा सुवर्णकाळ आहे. १९८२ ते १९९२ या काळात टॉप्सचा सेट ७९२ कार्डांचा होता, म्हणजे प्रत्येक संघाला सरासरी तीस कार्डं. बाकावरचे खेळाडूही त्यात येतात. शिवाय हंगामाच्या शेवटी येणारे "ट्रेडेड" आणि "अपडेट" हे छोटे सेट बघायचेच. वर्षाच्या मध्ये संघात आलेला माणूस तिथेच सापडतो.

१९९४ च्या खेळाडूंच्या संपानंतर चित्र पालटलं. कंपन्या भरपूर, चकचकीत सेट भरपूर, पण प्रत्येक सेटमध्ये तेच ते मोठे तारे. १९९६ चा टॉप्स सेट फक्त ४४० कार्डांचा होता. नव्वदीच्या उत्तरार्धातला राखीव खेळाडू त्यामुळेच अवघड जातो. तिथे पॅसिफिक कंपनीचे सेट, फ्लीअरचे मोठे सेट आणि मायनर लीगचे टीम सेट शोधा.

त्यानंतर एक वरदान मिळालं: टॉप्स टोटल हा सेट, २००२ ते २००५. पहिल्या वर्षी ९९० कार्डं. सातव्या इनिंगमध्ये एका फलंदाजापुरता येणारा डावखुरा पिचरही त्यात आहे. अपर डेकचा २००२ चा फॉर्टी-मॅन सेट तर हजाराच्याही पुढे गेला. पायरेट्सच्या १९९३ ते २०१२ या सलग वीस पराभूत हंगामांतली पुष्कळ माणसं मला या दोन सेटांनी दिली.

२०१० पासून मेजर लीगच्या संघचिन्हांसह कार्डं छापण्याचा हक्क टॉप्सकडे आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवर टोपी कोरी दिसते. ती धरायची का, हेही नियमांच्या पानावर लिहून ठेवा. २०१६ पासून टॉप्स नाऊ नावाची कार्डं निघतात. एखादा प्रसंग घडला की लगेच कार्ड विक्रीला, आणि ती विक्री थोड्याच काळाची. मागणी येईल तेवढीच छपाई होते, त्यामुळे नंतर शोधणं जड जातं.

मायनर लीगची कार्डं म्हणजे स्वतंत्र खजिना. सत्तरच्या दशकात टीसीएमए आणि १९८६ पासून प्रोकार्ड्ससारख्या कंपन्यांनी छोट्या छोट्या गावांच्या संघांचे सेट काढले. संघाची साखळी माहीत असेल तर शोध नेमका होतो. पायरेट्सचा सर्वांत वरचा मायनर संघ १९९५ ते १९९७ या काळात कॅनडातल्या कॅलगरीला होता, नंतर नॅशव्हिलला, आणि २००५ पासून इंडियानापोलिसला आहे. त्याखालचा संघ १९९९ पासून अल्टूनाला आहे, त्याआधी कॅरोलायना मडकॅट्स. म्हणून १९९७ च्या यादीतलं नाव कुठेच सापडेना तेव्हा मी कॅलगरी आणि कॅरोलायनाचे सेट उलगडते.

४. खरेदी: कुठे आणि कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी ओळखीच्यांना विचारा. चाळिशी-पन्नाशीच्या अमेरिकन सहकाऱ्यांच्या आईवडिलांच्या घरी माळ्यावर एखादं खोकं असतंच. मी एकदा ऑफिसात सहज बोलले आणि आठवड्याभरात तीन खोकी टेबलावर आली. बदल्यात मी एकाला चकल्यांचा डबा दिला, दोघांनी काहीच घेतलं नाही.

मग दुकानं आणि कार्ड शो. तिथे "डाइम बॉक्स" आणि "क्वार्टर बॉक्स" विचारा, म्हणजे दहा आणि पंचवीस सेंटांची खोकी. कित्येक विक्रेते संघवार लावलेली खोकी टेबलाखाली ठेवतात आणि विचारल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. थेट म्हणा, "पायरेट्सचे कॉमन आहेत का?" कॉमन म्हणजे तारा नसलेला खेळाडू. यादी छापून न्या. पन्नास-शंभर कार्डं एकत्र घेतलीत तर भाव आपसूक खाली येतो. दरवर्षी उन्हाळ्यात भरणारं नॅशनल हे सर्वांत मोठं संमेलन अनेकदा शिकागोजवळच्या रोझमाँटला असतं. एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आपल्या संघाची कार्डं आपल्या शहरात महाग असतात, कारण मागणी तिथेच असते. सिएटल किंवा डॅलसला कामानिमित्त गेलात तर तिथलं दुकान गाठा. पायरेट्सचा राखीव कॅचर तिथे कोणालाच नको असतो.

ऑनलाइन घेताना कार्डापेक्षा टपालखर्चाकडे लक्ष द्या. ईबेवर वीस सेंटांच्या कार्डाला चार-पाच डॉलर टपाल लागू शकतं. तिथे सुटं कार्ड न शोधता "टीम सेट" शोधा, म्हणजे एका सालच्या एका सेटमधली संघाची सगळी कार्डं एकगठ्ठा. सुट्या कॉमनसाठी स्पोर्टलॉट्स ही साइट उत्तम. तिथे प्रत्येक विक्रेत्याचं टपाल वेगळं असतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून वीस-तीस नावं मिळतात का ते बघा. सीओएमसी या साइटवर घेतलेली कार्डं त्यांच्याकडेच साठवून ठेवता येतात आणि शेवटी एकदम मागवता येतात. भारतात राहून जमवणाऱ्यांना, किंवा वर्षातून एकदा अमेरिकेतल्या भावाबहिणीकडे येणाऱ्यांना, हा मार्ग सोयीचा पडेल.

५. सापळे

*पुनर्मुद्रित कार्डं.* एका शोमध्ये मी १९५२ च्या टॉप्समधला पायरेट्सचा एक पिचर हौसेने विकत घेतला. घरी येऊन मोजला तर आकार चुकीचा. १९५२ ते १९५६ ची खरी टॉप्स कार्डं २⅝ × ३¾ इंचांची असतात. आजचा २½ × ३½ इंचांचा आकार १९५७ पासूनचा. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ चा सेट आणि १९९१ मध्ये १९५३ चा सेट या लहान आकारात पुन्हा छापला होता. फूटपट्टी सोबत असती तर जागच्या जागी कळलं असतं. पुठ्ठा पांढराशुभ्र आणि गुळगुळीत असेल, मागच्या बाजूला एखादी ओळ खरवडलेली दिसली, किंवा भिंगातून अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसल्या, तर हात आखडता घ्या. जगातलं सर्वांत प्रसिद्ध कार्डही एका पायरेटचंच आहे: होनस वॅग्नरचं, १९०९ ते १९११ च्या सिगारेटच्या पाकिटांतल्या सेटमधलं. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. त्याच्या नकला सगळीकडे फिरत असतात, तेव्हा खोक्यात वॅग्नर दिसला तर हुरळून जाऊ नका.

याच्या उलटही घडतं. १९६१ ते १९६३ ची पोस्ट सीरियलची कार्डं खोक्याच्या मागून कात्रीने कापायची होती. त्यांच्या कडा वाकड्या असणं हे नकलीचं लक्षण नव्हे. सॉसेज विकणाऱ्या कान्स कंपनीची साठच्या दशकातली पायरेट्सची कार्डंही शोधण्यासारखी आहेत, पण ती पहिल्या वर्षी नकोत. महाग पडतात.

*ताऱ्याच्या सोबतीने आलेला अनोळखी खेळाडू.* टॉप्स एकाच कार्डावर दोन-तीन-चार नवे खेळाडू छापायची. १९६३ च्या ५५३ क्रमांकाच्या कार्डावर विली स्टार्जेल आहे, आणि त्याच्याबरोबर इतर संघांचे ब्रॉक डेव्हिस, जिम गॉसगर आणि जॉन हर्नस्टाइन. या तिघांपैकी कोणीही हवा असला तरी किंमत स्टार्जेलची मोजावी लागते. असं नाव आलं की त्याचं पुढच्या वर्षांतलं एकट्याचं कार्ड शोधा. चुकीच्या फोटोंचंही तसंच. डॉनरसच्या १९८७ च्या ओपनिंग डे सेटमध्ये बॅरी बाँड्सच्या एका कार्डावर चुकून जॉनी रेचा फोटो छापला गेला, आणि रेचा तो फोटो त्याच्या स्वतःच्या कोणत्याही साध्या कार्डापेक्षा कितीतरी महाग झाला.

*पॅरलल.* आजकाल एकाच कार्डाच्या सोनेरी, निळ्या, हिरव्या कडांच्या आवृत्त्या निघतात. आपल्याला माणूस हवा आहे, कडा नव्हे. साधं कार्ड घ्या आणि पुढच्या नावाकडे वळा.

*ग्रेडिंग.* कार्ड तज्ज्ञांकडून तपासून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून घेण्याचा खर्च पंचवीस सेंटांच्या कार्डावर कधीच करू नये.

*जुनी बंद खोकी.* पाकीट फोडण्यात मजा आहे, मी नाकारत नाही. पण ७९२ मधले चार पायरेट्स मिळवायला खोकं फोडू नका. शिवाय नव्वदीतली चकचकीत कार्डं वर्षानुवर्षं दाबून राहिल्याने एकमेकांना घट्ट चिकटतात. ओढून सोडवायला गेलात तर चेहरेच निघून येतात.

६. ज्याचं कार्डच निघालं नाही तो

अशी नावं उरतातच. सोडू नका.

आधी लॅरी फ्रिट्श यांच्या "वन इयर विनर्स" सेटांमध्ये बघा. मेजर लीगमध्ये थोडाच काळ राहिलेल्या आणि त्या काळात कार्ड न निघालेल्या खेळाडूंसाठीच ते सेट काढले गेले. मग संघाने स्वतः छापलेले काळेपांढरे फोटो आणि पोस्टकार्डं. तेही नसेल तर सही केलेलं कोरं इंडेक्स कार्ड त्या खणात छान बसतं. जुन्या वार्षिकांकातला छोटा फोटो कापून लावणारेही आहेत. मला कापायला जिवावर येतं, म्हणून मी प्रत काढून घेते.

शेवटचा पर्याय म्हणजे घरी कार्ड बनवणं. करा, पण मागे ठळक अक्षरांत "घरी बनवलेलं" असं आणि वर्ष लिहा. तुमच्या पश्चात ते कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

माझ्या बाइंडरच्या शेवटच्या पानावर दोन भारतीय आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे, भालाफेकीतून एका स्पर्धेमार्फत बेसबॉलकडे आले आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत, त्यामुळे मेजर लीगच्या तक्त्यात नावं दिसणार नाहीत. मायनर लीगच्या नोंदी उघडाव्या लागतात. माझ्या नियमात ते बसत नाहीत. त्यांच्यासाठी मी नियमात एक ओळ वाढवली.

७. पत्र पाठवून सही

या खेळाडूंकडे फार पत्रं येत नाहीत, म्हणून उत्तर यायची शक्यता ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

एक पानाचं पत्र हाताने लिहा. "मी तुमची मोठी चाहती" एवढ्यावर भागवू नका. त्यांच्या कारकिर्दीतला एखादा सामना, एखादा झेल नेमका सांगा. शेऱ्याचा रकाना इथे कामी येतो. कार्डं जास्तीत जास्त दोन पाठवा, आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आत ठेवाच. कार्ड चकचकीत असेल तर आधी त्यावर बेबी पावडर हलक्या हाताने फिरवून पुसा, म्हणजे शाई धरते. एकच प्रत असेल तर पाठवू नका, टपालात गहाळ होऊ शकते.

पत्ता कुठला? पुष्कळ जुने खेळाडू कोच होतात. टर्नर वॉर्ड पुढे अनेक संघांचा हिटिंग कोच झाला. अशांना संघाच्या पत्त्यावर लिहावं. पायरेट्स १९६९ पासून वसंतातल्या सरावासाठी फ्लोरिडात ब्रेडेंटनला जातात, तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्र पोहोचलं तर उत्तम. कोणाच्या घरी जाऊन उभं राहू नका आणि उत्तर आलं नाही म्हणून दुसरं पत्र लगेच धाडू नका. मला एक पाकीट चौदा महिन्यांनी परत आलं. आत सही केलेलं कार्ड, आणि मी ज्या सामन्याबद्दल लिहिलं होतं त्याबद्दल तीन ओळी. त्या सामन्याला त्यांची आई आली होती, एवढंच.

८. जपणूक

प्रत्येक कार्ड आधी पेनी स्लीव्हमध्ये, मग नऊ खणांच्या पानात. पानं पीव्हीसी नसलेली घ्या. जुन्या, उग्र वासाच्या मऊ प्लास्टिकने छपाई खराब होते. रबरबँड लावायचे नाहीत, कोपरे कायमचे दबतात. आणि पिट्सबर्गकडच्या घरांतल्या बेसमेंटमध्ये ओल असते, बाइंडर वरच्या मजल्यावर कपाटात उभे ठेवा.

टपालाने कुणाशी अदलाबदल करताना कार्ड स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, आणि तोंडाला रंगकामाची निळी चिकटपट्टी लावा. साधी सेलोटेप लावलीत तर काढताना चिकटा कार्डावर येतो. टॉपलोडर घातलेलं पाकीट कडक होतं, त्याला साध्या पत्रापेक्षा जादा टपाल पडतं. पोस्टाच्या खिडकीवर विचारून घ्या, नाहीतर समोरच्याला पैसे भरावे लागतात.

पानात रिकामा खण ठेवायला संकोच करू नका. मी कागदाच्या कपट्यावर नाव, वर्ष आणि शेरा लिहून तो त्या खणात सरकवते. १९९७ च्या पानांवर अजून चार कपटे आहेत. पुढच्या महिन्यात क्लीव्हलंडला एका छोट्या शोला जाते आहे, यादी छापून पर्समध्ये ठेवली आहे.